‘तुला काय वाटलें?’

माझी नात न्यू जर्सींतील एका हायस्कुलांत शिकते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत ती पुण्यास आली तेव्हां तिच्या सामानांत वर्षभराच्या इंग्रजी निबंधांची एक चळत होती. आजोबांना वाचनाचें व्यसन आहे हें तिला ठाऊक. त्यामुळें तिनें ती आपण होऊन माझ्या स्वाधीन केली. जॉन स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ या कादंबरीवरील निबंधाला पैकीच्या पैकीं गुण होते. घरचा म्हातारा कुत्रा आजारी पडला, त्याचे हाल पाहवेनात म्हणून त्याला गुरांच्या डॉक्टरकडे नेऊन सुई टोंचून मरण द्यावें लागलें, आणि त्या दिवशीं कादंबरींतल्या जॉर्जनें आपल्या जिवलग मित्राला स्वतःच्या हातानें गोळी कां घातली तें मला उमगलें, असा निबंधाचा आशय होता. खालीं शिक्षिकाबाईंनीं मोठ्या मायेनें लिहिलें होतें कीं, तुझ्या दुःखांत मी सहभागी आहें.

मीं चष्मा काढला आणि विचारलें, “अग, तुमच्याकडे कुत्रा होता केव्हां?”

“नव्हताच, आजोबा,” ती म्हणाली. “पण प्रश्न होता, ‘कादंबरीचा तुझ्या आयुष्याशीं संबंध जोडून दाखव.’ माझ्या आयुष्यांत कोणीं कोणाला मारलेलें नाहीं. मग कुत्रा आणला.”

“आणि तुला स्वतःला काय वाटलें होतें?”

“मला जॉर्जचा राग आला होता. खूप राग. पण राग म्हणजे संबंध नव्हे ना!”

पोरगी लबाड आहे असें म्हणून हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट होती, आणि घरांत सर्वांनीं ती तशी सोडूनहि दिली. मला मात्र ती सोडवेना. ज्या मुलीला एक पुस्तक वाचून खरोखरच कांहीं वाटलें होतें, तिला तें गिळावयास लावावें, जें वाटलें नाहीं तें तिच्याकडून लिहवून घ्यावें, आणि त्या खोट्याला ‘वैयक्तिक प्रतिसाद’ असें भारदस्त नांव देऊन पुरते गुण द्यावेत, हा काय प्रकार आहे? येथें लबाडी असलीच तर ती प्रश्नाची आहे; मुलीनें प्रश्नाला साजेसें उत्तर दिलें एवढेंच.

ज्यांचीं मुलें-नातवंडें तिकडे नाहींत अशा वाचकांसाठीं दोन शब्द. अमेरिकेच्या हायस्कुलांत इंग्रजीच्या तासाला आपल्याकडच्यासारखे पाठ्यपुस्तकांतले उतारे तेवढे नसतात. सबंध कादंबरी मुलांच्या हातीं देतात, ती आठवडेच्या आठवडे वर्गांत चालते, तिजवर चर्चा होते आणि मग निबंध लिहावा लागतो. ही पद्धति आपण हेवा करावा अशी आहे, हें आधींच सांगून टाकतों. कादंबऱ्या बहुधा ठरलेल्या: हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०), मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’, फिट्झजेरल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५), स्टाइनबेकची ही (१९३७) आणि हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०). आर्थर ॲपलबी यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत या पांचहि होत्या, आणि आजहि पुष्कळ शाळांतून त्या आहेत. बापानें वाचलेली कादंबरी मुलगा वाचतो. पुस्तकांचा प्रश्न असा एका परीनें मिटलेला आहे. मिटलेला नाहीं तो वाचणाऱ्याचा: वाचतांना मुलाला जें वाटतें, त्याचें करावयाचें काय?

एक पक्ष म्हणतो, कांहींच करावयाचें नाहीं. या पक्षाचें घराणें मोठें आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनीं केंब्रिजमध्यें विद्यार्थ्यांपुढें कवींचीं नांवें काढून टाकलेल्या कविता ठेवल्या आणि त्यांनीं लिहून दिलेले अभिप्राय १९२९ सालीं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथांत छापले. ते वाचून विद्वानांना घाम फुटला. चांगलीं शिकलींसवरलीं मुलें कवितेंत जें नाहीं तें वाचतात, जें आहे तें वाचीत नाहींत, आणि स्वतःच्या आठवणींचे कढ कवितेच्या माथीं मारतात! रोग खरा होता. पण पुढें अमेरिकेंत त्यावर जो इलाज निघाला, तो रोग्यालाच घराबाहेर घालविण्याचा. कवितेचा वाचकावर होणारा परिणाम आणि स्वतः कविता यांची गल्लत करणें हा समीक्षेंतला एक दोषच होय, असें विमसट आणि बिअर्ड्सली या दोघांनीं १९४९ सालच्या एका निबंधांत ठरवून टाकलें. विद्यापीठांतून या मतानें पुष्कळ चांगलें काम केलें, बारकाईनें वाचण्याची शिस्त लावली, हें मी नाकारीत नाहीं. पण विद्यापीठांतलें शास्त्र हायस्कुलाच्या पायरीपर्यंत उतरतां उतरतां त्याचें काय होतें, तें ‘गॅट्सबी’मधल्या हिरव्या दिव्याला विचारावें. खाडीपलीकडे, डेझीच्या घरासमोरच्या धक्क्यावर, एक हिरवा दिवा जळतो आणि गॅट्सबी अंधारांत त्याच्या रोखानें पाहत उभा राहतो. दरसाल वर्गावर्गांतून मुलें लिहितात: हिरवा दिवा म्हणजे आशा, हिरवा दिवा म्हणजे पैसा, हिरवा दिवा म्हणजे अमेरिकेचें स्वप्न. उत्तर चूक नाहीं. परंतु रात्रीं दूरच्या एका दिव्याकडे पाहत उभें राहावेंसें वाटणें म्हणजे काय, हें सोळाव्या वर्षीं ज्याला मुळींच कळत नाहीं असा मुलगा विरळा. आणि नेमकें तेंच लिहिण्याची त्याला चोरी!

या पक्षाला अलीकडे व्यवहाराचेंहि पाठबळ मिळालें आहे. बहुतेक राज्यांनीं २०१० सालानंतर जो सामायिक अभ्यासक्रम उचलला, त्याचे एक प्रमुख कर्ते डेव्हिड कोलमन २०११ सालच्या एका व्याख्यानांत बोलून गेले कीं, या जगांत मोठें होतांना तुमच्या ध्यानांत येतें कीं, तुम्हांला काय वाटतें याची लोकांना कवडीचीहि पर्वा नसते. (त्यांनीं योजलेला शब्द कवडीपेक्षां बराच गलिच्छ होता.) कचेरींतला साहेब शुक्रवारपर्यंत बाजाराचा अहवाल मागतो, त्याआधीं तुमच्या बालपणाची हकीकत मागत नाहीं, असा त्यांचा दाखला होता. दाखला चटकदार आहे. पण कादंबरी ही साहेबानें मागितलेली वस्तु केव्हां होती? साहेबाची जिला पर्वा नाहीं, अशा गोष्टींसाठींच तर माणसांनीं कादंबऱ्या लिहिल्या! आणि साहेबाच्या दृष्टीनें जरी पाहिलें, तरी जो आपल्याला काय दिसलें तें धडपणें सांगूं शकत नाहीं, त्याचा बाजाराचा अहवाल तरी काय किंमतीचा?

या मंडळींनीं ‘गॅट्सबी’चाच इतिहास आठवावा. १९४० सालीं फिट्झजेरल्ड वारला तेव्हां या कादंबरीच्या दुसऱ्या छपाईच्या प्रती प्रकाशकाच्या गुदामांत पडून होत्या. पुढें सैनिकांना फुकट वांटण्यासाठीं खिशांत मावतील अशीं जीं पुस्तकें काढण्यांत आलीं, त्यांत १९४५ सालीं हिच्या सुमारें १,५५,००० प्रती निघाल्या. कोठल्यातरी छावणींत, कोणीहि प्राध्यापक शेजारीं नसतांना, वीस-बावीस वर्षांच्या पोरांनीं ती वाचली. कादंबरीच्या पुनरुज्जीवनाला इतरहि कारणें झालीं. जाणकार टीकाकार तिची बाजू घेऊन उभे होतेच. पण त्या पोरांना हिरव्या दिव्याचा अर्थ कोणी फळ्यावर लिहून दिला नव्हता, एवढें खरें. ज्या वाचकाला आज वर्गांतून हांकलतां, त्याच्याच मांडीवर ही कादंबरी दुसऱ्यांदा वाढली.

दुसरा पक्ष पहिल्याहून गोड बोलणारा आहे. माझ्या नातीची गांठ त्याच्याशीं पडली. हा पक्ष म्हणतो, मुलाला जें वाटतें तेंच सर्व कांहीं. त्याच्या कोशांत एक शब्द आहे, ‘रिलेट’. तिकडची मुलें आतां हा शब्द तराजूसारखा वापरतात. ‘मला या पुस्तकाशीं रिलेट करतां येत नाहीं,’ असें म्हटलें कीं पुस्तकाचा निकाल लागला. सतराव्या शतकांतल्या बोस्टनच्या हेस्टर प्रिनशीं एकविसाव्या शतकांतल्या मुलीला ‘रिलेट’ करतां येईना, कीं हॉथॉर्न नापास! आणि करतां आलें, तर मग हेस्टरची गरजच उरत नाहीं. तिला दारांत उभी करून मुलगी आपल्या घरची कहाणी सांगूं लागते. दोन्हीं प्रकारांत कादंबरी कोणी वाचीतच नाहीं. आणि गोड बोलण्याच्या आड एक जुलूमहि दडलेला असतो. परक्या बाईपुढें आपल्या घरांतलें दुःख मांडून दाखव, म्हणजे गुण देतें, हा कोणत्या शिक्षणशास्त्राचा नियम? ज्याच्या घरीं सांगण्याजोगें कांहीं नाहीं तो कुत्रा कल्पितो. ज्याच्या घरीं खरोखरच बाप दारू पितो किंवा आई निघून गेली आहे, तो काय करीत असेल, याचा विचार हे प्रश्न काढणारांनीं केला आहे काय?

हे लोक आपली गुरु म्हणून लुईझ रोझनब्लॅट यांचें नांव घेतात, हा त्या बाईंवर अन्याय आहे. त्यांचा ‘लिटरेचर ॲझ एक्स्प्लोरेशन’ हा ग्रंथ १९३८ सालचा. वाचक आणि पुस्तक यांच्या देवघेवींतून वाङ्मयाचा अनुभव जन्मतो, म्हणून वाचकाला वगळून अर्थ शिकविणें व्यर्थ, असें त्या म्हणाल्या हें खरें. पण तेथेंच थांबून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. पहिला प्रतिसाद हा कच्चा माल. विद्यार्थ्यानें तो घेऊन पुन्हा पुस्तकाकडे जावें, पुस्तक त्याला कोठें आधार देतें आणि कोठें खोटें पाडतें तें पाहावें, आणि मग जें टिकेल तें आपलें म्हणावें, असें त्यांचें सांगणें आहे. शिष्यांनीं पहिलें अर्ध घेतलें आणि कष्टाचें अर्ध टाकून दिलें. गुरूंच्या नशिबीं हें बहुधा येतेंच.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार निराळ्या वाटेनें झालेला आहे, आणि तो मला येथें फार उपयोगी वाटतो. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनीं ‘सविकल्प समाधि’ची कल्पना मांडली. वाचक कथेंतल्या पात्राशीं समरस होतो खरा, पण स्वतःला हरवून नव्हे; आपण आपण आहों हें भान ठेवून तो दुसरा होतो, आणि या दुहेरीपणांतच आनंद आहे, असें तिचें सार. या कल्पनेवर पुढें पुष्कळ वाद झाला. तो येथें उकरण्याचें कारण नाहीं. पण ‘रिलेट’ करणारांची चूक या कसोटीवर ताबडतोब दिसते. त्यांना समाधीच नको आहे. पात्रानें उठून आपल्यासारखें व्हावें, आपण मात्र जागचें हलूं नये, अशी त्यांची अपेक्षा असते.

माझ्या नातीच्या रागाचेंच पाहूं. जॉर्ज आणि लेनी हे कॅलिफोर्नियांतल्या शेतांवर रोजंदारीसाठीं भटकणारे दोन मजूर. लेनी अंगानें राक्षस, बुद्धीनें बाळ. त्याच्या हातून, मनांत नसतांना, मालकाच्या सुनेचा जीव जातो. लोक बंदुका घेऊन त्याच्या मागावर निघतात. ते पोंचण्यापूर्वीं जॉर्ज त्याला गांठतो. आपण जमिनीचा तुकडा घेऊं, तूं ससे पाळशील, ही त्या दोघांची नेहमींची गोष्ट त्याला सांगूं लागतो. आणि पाठीमागून गोळी घालतो. हें वाचून पंधरा वर्षांच्या मुलीला जॉर्जचा राग आला तर शिक्षकानें आनंदानें उडी मारावी! मीं तिला एवढेंच विचारलें, “राग नेमका कोणत्या जागीं आला, तें दाखवशील?”

दोन दिवस ती पुस्तक घेऊन गच्चीवर बसत होती. मग येऊन म्हणाली, “गोळी घातली याचा राग नाहीं, आजोबा. सशांची गोष्ट सांगतां सांगतां घातली याचा आहे.” या एका वाक्यांत तिच्या सबंध निबंधापेक्षां अधिक टीका आहे, आणि ती शिकवून आलेली नाहीं. पुढें ती आपण होऊनच कॅन्डीच्या कुत्र्याकडे वळली. त्या मजुरांच्या वस्तींत कॅन्डी नांवाचा एक थोटा म्हातारा आहे. त्याचा जरठ कुत्रा कार्लसन नांवाचा दुसरा मजूर बाहेर नेऊन मारतो, आणि मागाहून कॅन्डी जॉर्जपाशींच हळहळतो कीं, माझा कुत्रा मींच मारायला हवा होता. जॉर्ज लेनीला ज्या पिस्तुलानें मारतो तेंहि त्याच कार्लसनचें. म्हणजे निबंधाला हवा असलेला म्हातारा कुत्रा कादंबरींतच मरून पडला होता. न्यू जर्सींतून दुसरा आणण्याची कांहीं गरजच नव्हती! आणि जातां जातां तिनेंच मला दाखविलें कीं, जी सून मरते तिला सबंध पुस्तकांत नांव नाहीं. ती अखेरपर्यंत नुसती अमक्याची बायको. मीं ही कादंबरी दोनदां वाचली होती. माझ्या ध्यानांत तें आलें नव्हतें.

आतां कोणी म्हणेल, आजोबांना वेळ होता, सुटी होती, एकच विद्यार्थिनी होती. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गांत हें कसें साधावें? आक्षेप मला मान्य आहे. शिक्षिकाबाईंना मी नांवें ठेवीत नाहीं. निबंधांचा ढीग ज्यानें तपासला आहे तो ठेवणार नाहीं. पण ‘तुझ्या आयुष्याशीं संबंध जोड’ असें छापण्यास जितकी शाई लागते, तितकीच ‘कोणत्या जागीं काय वाटलें आणि कां’ असें छापण्यास लागते.

येथवर लिहिलें तें सुखवस्तु मुलांच्या रागलोभाविषयीं. ज्या वर्गांत पुस्तकच मुलाला बोचतें तेथें काय? या प्रश्नापुढें दोन्ही पक्षांची बोलती बंद होते.

‘हकलबेरी फिन’ इंग्लंडांत १८८४ सालीं आणि अमेरिकेंत १८८५ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं कंकॉर्ड गांवच्या सार्वजनिक वाचनालयानें तिला असभ्य ठरवून बाहेर काढलें. तेव्हांची तक्रार हकच्या गांवढळ वाणीविषयीं व वर्तनाविषयीं होती. आजची निराळी आहे. कृष्णवर्णीयांना हिणविण्यासाठीं जो शब्द वापरीत आले, तो या कादंबरींत दोनशेंहून अधिक वेळां येतो. लेखकाचा हेतु गुलामगिरीचें नीचपण उघडें करण्याचा आहे, आणि पळालेला गुलाम जिम हाच पुस्तकांतला सर्वांत भला माणूस आहे, हें शिक्षक सांगतात आणि तें खरेंहि आहे. पण वर्गांत तीस मुलें बसलेलीं असतात, त्यांत कृष्णवर्णीय दोन किंवा तीन. पुस्तक मोठ्यानें वाचलें जातें. तो शब्द आला कीं उरलेलीं सत्तावीस त्यांच्याकडे पाहतात, किंवा न पाहण्याचा प्रयत्न करतात. या मुलांना ‘कादंबरीचा तुझ्या आयुष्याशीं संबंध जोडून दाखव’ असें सांगण्याची कोणाची छाती होईल? आणि ‘तुला काय वाटतें याची कोणाला पर्वा नाहीं’ असें तरी कोण सांगेल? आपल्या वर्गांतूनहि, एखाद्या धड्यांतला जातिवाचक शब्द मोठ्यानें वाचला जातांना मान खालीं घालून बसणारीं मुलें असतात; त्यांना आजवर कोणीं काय विचारलें, हें वाचकांनीं आठवून पाहावें.

टोनी मॉरिसन यांनीं १९९६ सालीं या कादंबरीच्या एका आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळून तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं. लहानपणीं हें पुस्तक प्रथम वाचलें तेव्हां आपल्याला भय वाटलें. पुढें शाळेंत शिक्षकांच्या देखरेखीखालीं वाचलें तेव्हां तें अस्वस्थपण कमी होण्याऐवजीं वाढलें आणि एक दबलेला संताप मनांत राहिला, असें त्या सांगतात. पुस्तकाची गोडी घ्यावयाची तर एका लाजिरवाण्या गोष्टीला आपणहि संमति द्यावी लागते कीं काय, असें त्यांना वाटत होतें. आणि तरीहि तें पुस्तक वर्गांतून काढून टाकण्याच्या चळवळीला त्यांनीं मोठ्यांचें समाधान करणारी, मुलांना कांहींच न शिकविणारी सेन्सॉरशाही म्हटलें आहे. त्या या पुस्तकाकडे पुनःपुन्हा परत गेल्या आणि त्याचें मोठेपण कशांत आहे व त्यांतली मुकी जागा कोठें आहे, हें दोन्ही त्यांनीं शोधून काढलें. त्या शाळकरी मुलीचा संताप हा अडाणीपणा नव्हता. पुढच्या सर्व समीक्षेचें तें बीज होतें. शाळेला तें दिसलें नाहीं.

मोठी माणसें या बाबतींत काय करीत आलीं आहेत पाहा. २०११ सालीं अलाबामांतल्या एका प्रकाशकानें त्या शब्दाच्या जागीं सर्वत्र ‘गुलाम’ हा शब्द घातलेली आवृत्ति काढली. म्हणजे जखम तशीच ठेवून वर्तमानपत्राचा कागद चिकटविला. २०१६ सालीं व्हर्जिनियांतल्या ॲकोमॅक परगण्यानें एका पालकाच्या तक्रारीवरून ‘हकलबेरी फिन’ आणि ‘मॉकिंगबर्ड’ दोन्ही कांहीं दिवस उचलून ठेवल्या. २०१७ सालीं मिसिसिपींतल्या बिलॉक्सी येथें ‘मॉकिंगबर्ड’ आठवीच्या अभ्यासांतून काढली, कारण तिच्या भाषेनें लोकांना अस्वस्थ वाटतें! पुढें ती पालकांची चिठ्ठी आणणारांसाठीं परत आली. २०२० सालीं कॅलिफोर्नियांतल्या बरबँक येथें पालकांच्या तक्रारीवरून या दोन्हींसह पांच पुस्तकें थांबविलीं, त्यांत स्टाइनबेकचें हेंहि होतें. आणि तेथल्याच एका विद्यार्थ्यानें त्या निर्णयाविरुद्ध अर्ज फिरविला. या पालकांची तक्रार खोटी होती असें मी म्हणत नाहीं. मुलाला कोणी त्या शब्दानें हिणविलें तर आईबापांनीं गप्प बसावें काय? पण तक्रार पालकाची, निर्णय मंडळाचा, निषेध लेखकसंघांचा. ज्यानें पुस्तक वाचून राग गिळला, त्याला सभेंत तीन मिनिटें मिळालीं तर नशीब. न्यू यॉर्क राज्यांतल्या आयलंड ट्रीज येथें १९७६ सालीं शाळेच्या ग्रंथालयांतून पुस्तकें काढलीं, तेव्हां आपलें म्हणणें कोणीं ऐकावें यासाठीं कांहीं विद्यार्थ्यांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें. १९८२ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला. तोंवर तीं मुलें शाळेंतून केव्हांच बाहेर पडलीं होतीं.

माझें म्हणणें असें कीं, ‘हें पुस्तक मला बोचतें’ हा वाङ्मयीन अभिप्राय आहे. त्याला अभिप्रायाचाच मान द्यावा. त्याचें कौतुक नको, त्याची भीतीहि नको. जेन स्माइली या नामवंत कादंबरीकर्त्रीनें १९९६ सालींच एका मासिकांत लिहिलें कीं, ‘हकलबेरी फिन’चें माहात्म्य फाजील वाढविलेलें आहे आणि गुलामगिरीविषयीं ‘अंकल टॉम्स केबिन’ अधिक गंभीरपणें बोलते. त्यावर खूप वाद झाला. पण तिला कोणी नापास केलें नाहीं. तेंच सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिहिलें तर ‘उपरोध समजला नाहीं’ असा लाल शेरा पडण्याचीच शक्यता फार. कां? शेवटच्या प्रकरणांत टॉम सॉयर येऊन जिमच्या बंदिवासाचा पोरखेळ करतो, त्याचा राग येणारांत मोठमोठे टीकाकार आहेत. विद्यार्थ्याला तो राग आला, आणि तो कोणत्या पानावर आला हें त्यानें दाखविलें, कीं तो त्यांच्याच पंक्तीचा झाला. पर्सिव्हल एव्हरेट यांनीं जिमच्या तोंडून हीच कथा सांगणारी ‘जेम्स’ ही कादंबरी २०२४ सालीं लिहिली आणि पुढल्या वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. जिमला काय वाटलें असेल, हा प्रश्न वर्गांत मागल्या बांकावर बसून कितीजणांनीं कितीदां मनांतल्या मनांत विचारला असेल!

हें सारें तिकडचें झालें, आपल्याला त्याचें काय, असें म्हणणाऱ्या वाचकांना मी दोनच गोष्टी सांगतों. एक, तिकडे शिकणाऱ्या मराठी मुलांचे आईबाप. दूरध्वनीवर त्यांचा पहिला प्रश्न ‘गुण किती?’ हा असतो, आणि उपदेश ‘बाईंना हवें तें लिही, वर्ष वांचव’ हा. माझ्या मुलानें हाच उपदेश केला होता, हें त्यानेंच मला हंसत हंसत सांगितलें. तो कोठें शिकला तेंहि मला ठाऊक आहे, कारण त्याच्या दहावीच्या वर्षीं तो मींच त्याला केला होता. दुसरी गोष्ट, आपल्याकडे आतां दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेंत ‘स्वमत’ या नांवाचा प्रश्न असतो, आणि त्या स्वमताचीं तयार उत्तरें बाजारांत विकत मिळतात. स्वतःचें मत दुसऱ्यानें छापलेलें! ज्या भाषेंत हा विनोद कोणाला खटकत नाहीं, त्या भाषेच्या लोकांनीं अमेरिकेला हंसूं नये.

त्यांत २०२२ सालच्या अखेरीपासून बोलक्या यंत्रांची भर पडली आहे. यंत्राला सांगावें, ‘गॅट्सबी वाचून मला काय वाटलें तें पांच परिच्छेदांत लिही’. तें लिहून देतें. मागितल्यास मेलेला कुत्राहि देतें. शिक्षक हवालदिल झाले आहेत, आणि मुलें फसवितात म्हणून ओरड चालली आहे. मला या ओरडीचें नवल वाटतें. जो प्रतिसाद यंत्राला लिहितां येतो, तो मुलाकडून मागत होतां तेव्हां तरी तुम्हांला मूल कोठें हवें होतें? हिरव्या दिव्याचा अर्थ यंत्राला येतो, दुःखाचा नमुना यंत्राला येतो. दोन दिवस गच्चीवर बसून, गोळीचा राग नसून गोष्टीचा आहे असें ज्याचें त्याला कळणें, हें त्याला कोणाच्या वतीनें करतां येत नाहीं.

गुण द्यावेत कशाला, हा प्रश्न उरतोच. वाटण्याला गुण देऊं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे. मुलाला रडूं आलें म्हणून दहा आणि आलें नाहीं म्हणून सहा, हा बाजार बंद व्हावा. पुस्तक आवडलें नाहीं असें लिहिणाऱ्यालाहि पैकीच्या पैकीं मिळण्याची वाट मोकळी असावी. गुण द्यावेत ते वाटल्यानंतर तो पुस्तकाच्या कोणत्या पानाकडे परत गेला, तेथें त्याला काय सांपडलें, आणि आपलें पहिलें मत बदलावें लागलें तर तें त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें कीं लपविलें, याला. अशा निबंधांत शुद्धलेखनाच्या चुका जरा जास्त निघतील आणि शेवट नीट जुळणार नाहीं. चालेल.

गेल्या आठवड्यांत नातीचें पत्र आलें. नव्या वर्षाची सुरवात ‘हकलबेरी फिन’नें झाली आहे आणि बाई नव्या आहेत. पहिल्या दिवशीं त्यांनीं प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि सांगितलें कीं, पुस्तक उघडण्याआधीं तुम्हांला कांहीं सांगावयाचें असेल तर यावर लिहा. नांव घालूं नका. याला गुण नाहींत. नातीनें अर्धें पान लिहिलें. काय लिहिलें तें मला कळविलेलें नाहीं. तिच्या शेजारीं बसणाऱ्या मुलानें कागद कोराच परत केला. बाईंनीं तोहि इतरांच्या कागदांबरोबर घडी करून आपल्या पिशवींत ठेवला.